मातीला तुमच्या मनःशांतीशी काय देणंघेणं?

आषाढ लागला की पुण्या-मुंबईत, ठाण्या-नाशकात शाडूच्या गणपतीच्या कार्यशाळांच्या जाहिराती झळकू लागतात. पूर्वी त्यांवर 'मूर्ती करायला शिका' एवढंच असायचं. आता मजकूर वाढला आहे. तीन तासांत मनाचा शीण घालवा, मातीशी संवाद साधा, हातांतून ध्यान अनुभवा. सोबत हमीही असते की कौशल्य अजिबात लागत नाही आणि मूर्ती कशी होईल याची काळजी करायची नाही, कारण महत्त्व मूर्तीला नाही, प्रक्रियेला आहे. गणपतीचा मोसम संपला की हेच बोलणं नदीकाठचे गोटे, वाळकी पानं, काटक्या आणि शेण यांच्याबद्दल सुरू होतं. निसर्गातल्या वस्तूंपासून शिल्प करणं ही मुळातच साधना आहे, असं आता इतक्या सहजपणे बोललं जातं की त्यावर कुणी प्रश्न विचारत नाही. म्हणून हा लेख.

त्यातलं खरं आधी मान्य करतो. मातीत हात घातल्यावर डोकं निवतं. चिखलाने भरलेल्या हातांनी फोन उचलता येत नाही, हेही त्याचं एक साधं कारण असेल. मानसिक आजारांवरच्या उपचारांतही मातीकाम वापरतात. ते काम शिकलेली माणसं करतात, रुग्ण समोर ठेवून करतात, आणि तिथे मूर्ती चांगली होण्याची अट नसते. त्याच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते दुसऱ्याच दाव्याशी: कौशल्य नको, परिणाम कसाही चालेल, आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, ध्यान लागेल. मला हे साफ उलटं वाटतं. मातीत जी एकाग्रता मिळते ती काम नीट व्हावं या हट्टातून मिळते. तो हट्टच काढून घेतला तर उरते चिखलात घालवलेली एक दुपार. ती मजेची असते, जरूर घालवावी. पण तिला साधना म्हणायचं कारण नाही.

शाडू काय चीज आहे ते आधी बघू. पिठासारखी बारीक, करड्या-पांढुरक्या रंगाची ही माती गोण्यांतून येते, बरीचशी गुजरातेतून. ती चाळायची, भिजवायची, मळायची. पाणी जास्त झालं तर सोंड बघता बघता पोटावर येऊन बसते. कमी झालं तर वळवतानाच चिरा पडतात. ही मूर्ती भाजायची नसते, म्हणजे भट्टीची मदत नाही. जे बळ यायचं ते नुसत्या वाळण्यातून, आणि वाळताना माती आक्रसते. कान पातळ, तो लवकर वाळतो. पोट जाड, ते आतून कितीतरी दिवस ओलं राहतं. दोघं आपापल्या गतीने आक्रसतात आणि कान जिथे डोक्याला भेटतो तिथे तडा जातो. म्हणून मोठ्या मूर्तीचं पोट पोकळ ठेवायचं, जोडायच्या दोन्ही बाजू कोरणीने खरवडून घ्यायच्या, मधे त्याच मातीचा दाट घोळ भरायचा, आधारासाठी मातीत काथ्या किंवा कापूस मिसळायचा, आणि मूर्ती उन्हात न ठेवता सावलीत वाळू द्यायची. हे सगळं ऐन पावसाळ्यात, जेव्हा हवाच ओली असते. यातली एकेक गोष्ट कुणीतरी मूर्ती फुटल्यावर शिकलेला आहे.

आता एकाग्रता कुठून येते ते पाहा. कान जोडणारा कारागीर जोडावर बोट फिरवतो तेव्हा तो स्वतःच्या मनाकडे पाहत नसतो. तो ओल अजमावत असतो. जोड धरेल की सुटेल, आत्ता दाबायचं की तासभर थांबायचं, ओला हात फिरवला तर गुळगुळीत होईल की माती सैल पडेल, हे त्याला ठरवायचं असतं. या प्रश्नांना चूक आणि बरोबर अशी उत्तरं आहेत. माती ती उत्तरं देते, आणि देताना तुमचा मूड विचारात घेत नाही. चूक होऊ शकते म्हणून लक्ष लागतं. जिथे काहीच चुकू शकत नाही तिथे लक्ष द्यायला कारणच उरत नाही, मग मन नेहमीसारखं ऑफिसात आणि हप्त्यांत फिरायला मोकळं.

तीन तासांच्या कार्यशाळेत मातीचा हा निकाल लागतच नाही. मूर्ती ओलीच डब्यात घालून घरी जाते. तडा जातो तो तीन-चार दिवसांनी, तोवर शिकवणारा पुढच्या तुकडीत गुंतलेला असतो. काही ठिकाणी तर धड साच्यातून काढून हातात देतात, माणसाने फक्त सोंड लावायची आणि फोटो काढायचा. यात वाईट काही नाही. पण ज्या कामाचा कठीण भाग दुसऱ्याने आधीच उरकला आहे आणि ज्याचा निकाल आपण गेल्यावर लागणार आहे, त्या कामात साधना नेमकी कोणत्या तासाला होते?

इथे समोरून नेहमीची नावं येतात. पहिलं अँडी गोल्ड्सवर्दी यांचं. स्कॉटलंडच्या पेनपाँट गावी राहणारे हे शिल्पकार पानं, बर्फ, दगड, काटे, चिखल यांतून तासा-दिवसांत विरून जाणाऱ्या रचना करतात. त्यांच्यावरचा 'रिव्हर्स अँड टाइड्स' हा २००१चा माहितीपट अशा शिबिरांत भक्तिभावाने दाखवला जातो. माझी विनंती आहे की तो पार्श्वसंगीत बंद करून पाहा. समुद्रकिनाऱ्यावर चपट्या दगडांचा शंकू रचताना भरतीची वेळ जवळ येत असते आणि रचना ढासळते. ते पुन्हा रचतात, पुन्हा ढासळते. त्यांचा चेहरा पाहा: तो शांत नाही, वैतागलेला आहे, आणि हा दगड आपल्याला अजून कळलेला नाही हे त्यांना कळलेलं आहे. बर्फाचे तुकडे जोडताना हातमोज्यांनी अंदाज येत नाही म्हणून ते उघड्या बोटांनी काम करतात आणि बोटं बधिर होतात. तेराव्या वर्षापासून शेतमजुरी केलेला हा माणूस आहे. दगड कसा बसवायचा आणि थंडीत तेच ते काम तासन् तास कसं करायचं हे तो शेतावर शिकला, श्वसनाच्या वर्गात नव्हे. रचना टिकणार नाही हे त्याला मान्य आहे. ती वेळेआधी पडावी हे मात्र अजिबात मान्य नाही. नश्वरता आणि ढिसाळपणा यांतला हा फरक जाहिरात लिहिणाऱ्याला दिसत नाही.

दुसरं नाव वोल्फगांग लाइब यांचं. वैद्यकीचं शिक्षण पुरं करून ते शिल्पाकडे वळले आणि १९७७पासून दक्षिण जर्मनीतल्या आपल्या गावाभोवती परागकण गोळा करत आले आहेत: हेझल, पाइन, डँडेलियन. एका मोसमाच्या मेहनतीतून हाती येतात काही बरण्या. २०१३ साली न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांनी सुमारे १८ फूट बाय २१ फुटांचा पिवळाधमक आयत जमिनीवर चाळणीने पसरला, त्यासाठीचे हेझलचे पराग ते १९९०च्या दशकाच्या मध्यापासून जमवत होते. पाहणाऱ्याला तो आयत ध्यानस्थ वाटतो, हे खरं. पण अठरा-वीस वसंत ज्याने फांद्या झटकल्या त्याला जाऊन सांगा बरं, की परिणाम महत्त्वाचा नाही. त्या दालनात कुणाला शिंक आली असती तर काय झालं असतं, एवढाच विचार करा.

आणि तिसरं उदाहरण हमखास येतं ते तिबेटी भिक्षूंच्या वाळूच्या मंडलाचं. रंगीत दगडांच्या भुकटीचं ते अपूर्व चित्र दिवसेंदिवस रेखायचं आणि पूर्ण होताच पुसून पाण्यात सोडायचं. पाहा, म्हणतात, परिणामाची आसक्तीच नाही! पण पुसण्याआधीचं कुणी सांगत नाही. मंडलाचं मोजमाप ठरलेलं असतं, आकृत्या पाठ केलेल्या असतात, त्यासाठी भिक्षूला दीर्घ शिक्षण घ्यावं लागतं. धातूच्या निमुळत्या नळीवर दुसरी कांडी घासत वाळू जवळजवळ कणाकणाने सोडतात. रेघ चुकली तर ती 'तुझी अभिव्यक्ती' होत नाही, दुरुस्त होते. शेवटच्या कणापर्यंत परिणामाची पूर्ण चिंता केल्यावरच तो सोडून देण्याला काही अर्थ येतो. जे कधी नीट केलंच नाही त्याचा त्याग कसला?

आपल्याकडे या विषयावरची सर्वांत धारदार गोष्ट मात्र या शिबिरांत कुणी सांगत नाही. ती तेरच्या गोरोबाकाकांची आहे. गोरा कुंभार माती तुडवत होता, मुखी विठ्ठलाचं नाम होतं, भान हरपलं, आणि रांगत आलेलं स्वतःचं मूल पायांखाली आलं. कथेत पुढे पांडुरंग मूल परत देतो, आणि वारकऱ्यांसाठी ती भक्तीच्या पराकोटीची कथा आहे, तशीच ती राहो. पण कुंभारवाड्याच्या बाजूने ऐकली तर तिच्यात आणखी काही ऐकू येतं. ध्यान लागलं त्या क्षणी माती तुडवणारे पाय आंधळे झाले. ज्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या माती तुडवली त्यांनी ही कथा जपली, आणि त्या कथेत मातीकाम व ध्यान एकमेकांना पूरक नाहीत, एक दुसऱ्याला गिळतं.

गोरोबांची दुसरी गोष्टही इथे हवी. संतमंडळी जमलेली असताना मुक्ताबाई थापटणं दाखवून विचारते, हे काय? मडकी कच्ची की पक्की हे पाहायचं साधन, असं उत्तर मिळतं. मग गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत जातात, नामदेव तेवढे रागावतात, आणि निकाल लागतो: हे मडकं कच्चं. आजचे कार्यशाळावाले गोरोबांच्या जागी असते तर म्हणाले असते की प्रत्येक मडकं आपापल्या परीने सुंदरच असतं. कुंभाराने तसं म्हटलं नाही, म्हणूनच कथेप्रमाणे नामदेव पुढे विसोबा खेचरांकडे गेले.

आता एक आक्षेप खरोखर वजनदार आहे, तो टाळून चालणार नाही. श्रावणात घरोघरी मातीचं पार्थिव लिंग करतात, हरतालिकेला बायका वाळूची पिंड करतात, पोळ्याला मातीचे बैल होतात. पिंड करायला कुणी शिकवणी लावत नाही. ती वेडीवाकडी झाली तरी चालते आणि पूजा झाली की विसर्जित होते. मग कौशल्याविना, फळाविना, निसर्गातल्या वस्तूंतून साधना करण्याची ही आपलीच परंपरा नाही का? आहे. पण तिथे सगळा भार पूजेने उचललेला असतो. तिथी ठरलेली, आकार ठरलेला, मंत्र ठरलेला, उपास ठरलेला. हरतालिकेची पिंड करणारी बाई आपल्याला आतून कसं वाटतंय हे तपासत बसत नाही, तिचं लक्ष महादेवाकडे असतं. मूर्तिकाराचं लक्ष जोडाकडे असतं. दोन्हीकडे मन स्वतःच्या बाहेरच्या कशाला तरी बांधलेलं आहे. नव्या कार्यशाळेने आधी देव पातळ केला, मग कारागिरी अनावश्यक ठरवली, आणि मधोमध बसवलं ते 'मला कसं वाटतंय' याला. ज्याचं लक्ष स्वतःच्या शांततेवर आहे, त्याचं मातीवर नाही. आणि अशी शांतता राखणदारी केल्याने टिकत नाही हे झोप न येणाऱ्या कुणालाही विचारा.

ध्यानाची बाजूही यात नाहक स्वस्त होते. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६पासून विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरं चालतात. पहाटे चारला घंटा होते, बोलणं बंद, लिहिणं-वाचणंही बंद. पाठ दुखते, मन बंड करतं, आणि तरी उठायचं नाही. तिथे कुणाला माती हातात देत नाहीत. मन रमवायला काहीच मिळू नये हीच तर त्या पद्धतीची अट आहे. ज्याने ते दहा दिवस काढले आहेत त्याला विचारा, गणपतीचे हात वळवणं आणि ते एकच का म्हणून. दोन्ही कामं अवघड आहेत, दोन्हींना गुरू लागतो, आणि दोन्ही आपापल्या जागी पुरी आहेत. एकीचं नाव दुसरीला लावल्याने फक्त जाहिरातीची सोय होते.

या बोलण्याचा आणखी एक टेकू आहे: वस्तू नैसर्गिक, म्हणून काम निर्मळ. तोही फारसा मजबूत नाही. ज्या प्लास्टर ऑफ पॅरिसला आपण खलनायक ठरवलं ते जिप्सम या खनिजापासूनच, सुमारे दीडशे अंशांवर तापवून होतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२०च्या मार्गदर्शक सूचनांत त्याच्या मूर्तींना नकार दिला, कारण त्या पाण्यात सहज विरघळत नाहीत आणि पाणी बिघडवतात. त्यात पवित्र-अपवित्राचा प्रश्न नव्हता. शाडू प्लास्टरपेक्षा निश्चित बरी, पण तीही कुठेतरी खाणीतून काढलेली, ट्रकने आणलेली माती आहे आणि विसर्जनानंतर नदीच्या किंवा तळ्याच्या तळाशी गाळ होऊन बसते. म्हणून पुण्यात ती परत गोळा करून मूर्तिकारांना देण्याची 'पुनरावर्तन' ही मोहीम सुरू झाली. या मोहिमेत जेवढं शहाणपण आहे तेवढं मातीशी संवाद साधणाऱ्या शंभर जाहिरातींत नाही. दगडांचंही तेच. कोकणातल्या सड्यावर सुट्या चिऱ्यांखाली बेडूक, पाली, विंचू आणि फुरसं अशी सगळी वस्ती असते. मनःशांतीसाठी ते दगड उचलून मनोरे रचणारा दुसऱ्याचं छप्पर काढत असतो. फुरशाने आपलं मत दिलं तर तक्रार करू नये.

सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यात गणपतीचे शेकडो कारखाने आहेत. आज तिथे प्लास्टरचं काम मोठं असलं तरी शाडूत काम करणारे हात शिल्लक आहेत. तळकोकणात आणि गोव्यात चित्रशाळा आहेत, जिथे घरं आपापला पाट मूर्तिकाराकडे नेऊन देतात आणि त्याच पाटावर त्यांचा गणपती उभा राहतो. या जागी कामं चालू असताना जाऊन बघा. रेडिओ चालू असतो, थट्टा चालू असते, हात थांबत नाहीत. डोळ्यांची आखणी सगळ्यांना जमत नाही, जो करतो त्याचा हात चालू असताना शेजारचे जरा जपून हलतात, एवढंच. ओल्यात बसून पाठ-गुडघे जातात, मजुरी बहुधा नगावर असते, आणि चतुर्थीआधी पंधरा दिवस रात्र-दिवस एक होतो. त्यांचं लक्ष कुठल्याही शिबिरार्थीपेक्षा खोल असतं आणि त्याला कुणी ध्यान म्हणत नाही, मजुरी म्हणतात. शहरात मात्र त्याच कामाचा अर्धवट तुकडा मूर्तीच्या किमतीपेक्षा जास्त शुल्क लावून विकला जातो, आणि विकताना सांगितलं जातं की यात कौशल्य लागत नाही. ज्या माणसाचं आयुष्य त्या कौशल्यात गेलं त्याच्या तोंडावर हे वाक्य बोलून दाखवायची हिंमत आहे का?

सासवण्याच्या विनायक पांडुरंग करमरकरांच्या घरी वडील गणपतीच करत. तिथून हा मुलगा जे. जे. स्कूल ऑफ आर्टपर्यंत गेला आणि १९२८ साली पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा करण्याइतका मोठा शिल्पकार झाला. वडिलांच्या मूर्तींत काही चांगलं-वाईट नसतं, नुसता अनुभव असतो, असं त्याच्या घरात शिकवलं गेलं असतं तर सासवण्यात आज त्याच्या शिल्पांचं संग्रहालय दिसलं नसतं.

तेव्हा कार्यशाळा घेणाऱ्यांना माझी सूचना एवढीच आहे. शुल्क हवं ते ठेवा, जाहिरातीतून ध्यान काढा. तीन तासांऐवजी तीन बैठका करा. शिकवायला एखादा कारखान्यातला माणूस बोलवा, त्याला त्याच्या दिवसाच्या मजुरीपेक्षा जास्त द्या, आणि त्याने 'हे मोडा, पुन्हा करा' म्हटलं तर मधे पडू नका. आणि मूर्ती वाळल्यावर सगळ्यांना आठवड्याने पुन्हा एकत्र बसवा. तडा कुठे गेला, का गेला, हे ज्याचं त्याने बघायला हवं.